संगणकाची कुळे

२०२५ च्या जुलै महिन्यात गुजरातमधील वाडिनार येथे एक घटना घडली. आपल्या कार्यकर्त्यांत तिची चर्चा झाल्याचे माझ्या तरी कानावर आले नाही. वर्षाला दोन कोटी टन खनिज तेल शुद्ध करण्याची क्षमता असलेला नायारा एनर्जी या कंपनीचा कारखाना तेथे आहे. या कंपनीत रशियाच्या रॉसनेफ्टचे सुमारे ४९ टक्के भाग आहेत. १८ जुलैला युरोपीय संघाने रशियाविरुद्धच्या निर्बंधांत नायाराचे नाव घातले, आणि २२ जुलैला मायक्रोसॉफ्टने तिची टपालसेवा व कार्यालयीन सॉफ्टवेअर बंद केले. परवान्याचे पैसे आगाऊ भरलेले होते. भारतातील कोणत्याही न्यायालयाचा अथवा सरकारचा तसा आदेश नव्हता. निर्णय झाला ब्रुसेल्समध्ये, किल्ली फिरवली एका अमेरिकन कंपनीने, आणि वाडिनारच्या कर्मचाऱ्याला स्वतःच्याच कचेरीतील पत्र उघडता येईना. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली तेव्हा कोठे महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाली.

नायारा ही काही गरीब बिचारी नव्हे. तिच्या दाराशी नामांकित वकील उभे राहू शकतात. प्रश्न आहे तो आपल्या तालुक्याच्या गावी दहा-बारा हजार सभासदांच्या ठेवी सांभाळणाऱ्या पतसंस्थेचा, शिक्षण संस्थेचा, कामगार संघटनेचा, दूध संघाचा. यांच्या हिशेबाची किल्ली कोणी फिरवली तर त्यांनी कोणत्या न्यायालयात जावे? आणि मुळात आपल्या कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला का असावी? हा प्रश्न संगणकतज्ज्ञांचा आहे असे समजून आपण तो आजवर दूर ठेवला. वस्तुतः तो मालकीचा प्रश्न आहे, आणि मालकीच्या प्रश्नाला बगल देणारा समाजवादी हा वदतोव्याघात होय.

विसरलेला प्रश्न

एके काळी आपल्याला हा प्रश्न चांगला कळत होता. १९६० आणि ७० च्या दशकांत आयबीएम ही कंपनी भारतात संगणक विकत नसे, भाड्याने देत असे. आणि त्यांतील पुष्कळ यंत्रे परदेशात निवृत्त होऊन, डागडुजी करून इकडे आणलेली असत. जुन्या यंत्राचे भाडे मात्र वर्षानुवर्षे चालू. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार भारतीयांना बहुसंख्य भागीदारी देण्याची वेळ आली तेव्हा कंपनीने नकार दिला. जनता सरकारात उद्योगमंत्री असलेले आपल्याच परंपरेतील जॉर्ज फर्नांडिस मागे हटले नाहीत, आणि १९७८ साली आयबीएमने भारतातून गाशा गुंडाळला. आता देशातील संगणक बंद पडणार, असा गलका तेव्हा झाला होता. संगणक बंद पडले नाहीत. १९७५ साली स्थापन झालेल्या सीएमसी या सरकारी कंपनीतील भारतीय अभियंत्यांनी त्या यंत्रांची देखभाल अंगावर घेतली आणि ती निभावून नेली. पुढे २००१ मध्ये ती सार्वजनिक कंपनीच विकण्यात आली, ही कथा वेगळी आणि अधिक खेदाची.

त्यानंतर आपले काय झाले? संगणक आला तेव्हा आपल्या संघटनांनी रोजगाराचा प्रश्न विचारला. तो रास्त होता. त्याबद्दल आज ओशाळण्याचे कारण नाही. परंतु त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न विचारायला हवा होता: या यंत्रात चालणारी आज्ञावली कोणाची? तो आपण विचारला नाही. विरोध मावळला, यंत्रे आली, आणि आपल्याच संस्थांनी कोणताही करार न वाचता त्यांच्यावर अंगठा उठवला. १९७८ मध्ये यंत्राचे भाडे नाकारणारे आपण आज्ञावलीचे भाडे मात्र मुकाट्याने भरू लागलो.

खंड आणि मजुरी

येथे थोडी फोड केली पाहिजे. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांचा लेख. तो माणसे वाचू शकतील अशा स्वरूपात लिहिला जातो आणि मग यंत्राला कळेल अशा रूपात बदलला जातो. बंदिस्त सॉफ्टवेअर विकणारी कंपनी हे दुसरे रूपच देते; मूळ लेख स्वतःजवळ ठेवते. घेणाऱ्याला मिळतो तो वापरण्याचा परवाना. मालकी मिळत नाही, दुरुस्तीचा हक्क मिळत नाही, तपासणीचाही नाही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये मूळ लेख उघडा असतो. तो कोणीही वाचावा, वापरावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी या तत्त्वावर काम सुरू केले. १९८९ मध्ये त्यांच्या संस्थेने असा परवाना सिद्ध केला की, आज्ञावलीत सुधारणा करून ती पुढे वाटणाऱ्याने सुधारलेला लेखही त्याच अटींवर वाटला पाहिजे. १९९१ मध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. हे पाश्चात्त्य तरुणांचे छंद म्हणून सोडून देण्यासारखे प्रकरण राहिलेले नाही. जगातील सर्वांत वेगवान पाचशे संगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र २०१७ पासून लिनक्सवर चालते. आपल्या खिशातील बहुतेक भ्रमणध्वनींच्या तळाशीही तोच गाभा आहे.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने आज्ञावलीची गंमत अशी की, पहिली प्रत तयार करायला अपार श्रम लागतात आणि पुढच्या प्रतीला जवळजवळ काहीच लागत नाही. श्रमाचा मोबदला मिळालाच पाहिजे, याविषयी वाद नाही. परंतु प्रत्येक प्रतीमागे, प्रत्येक वर्षी, प्रत्येक टेबलामागे जे शुल्क घेतले जाते त्याचा त्या श्रमाशी असलेला संबंध केव्हाच तुटलेला असतो. अशा प्राप्तीला आपल्या भाषेत खंड म्हणतात. जमीन कसणारा एक आणि खंड घेणारा दुसरा, ही व्यवस्था मोडण्यासाठी या राज्यात कुळकायदा करावा लागला. संगणकावर राबणारा कर्मचारी आपला, माहिती आपली, वीज आपली. खंड मात्र परगावच्या जमीनदाराला. वर कुळाला बेदखल करण्याचा अधिकारही त्याचाच.

त्या अधिकाराचा वापर कसा होतो पाहा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार काढून घेतला. नवी आवृत्ती चालवायची तर यंत्रात विशिष्ट सुरक्षा-घटक हवा; तो नसलेली, परंतु अन्यथा धडधाकट असलेली असंख्य यंत्रे एका दिवसात म्हातारी ठरली. संरक्षण चालू ठेवायचे असेल तर संस्थांसाठी दर आकारला तो पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर, आणि पुढे दर वर्षी दुप्पट, तोही तीनच वर्षे. एखाद्या शाळेत अशी तीस यंत्रे असली तर तिने काय करावे? यंत्रे भंगारात द्यावीत, दंड भरावा, की त्याच यंत्रांवर लिनक्स चढवून ती आणखी काही वर्षे चालवावीत?

फुकटाची भाषा नको

मुक्तस्रोताचा पुरस्कार करणारे आपले उत्साही तरुण मित्र बहुधा एकच कारण सांगतात: ‘हे फुकट आहे.’ माझ्या मते हा सर्वांत दुबळा युक्तिवाद आहे, आणि तो केल्यामुळे आपण हरतो. परवान्याचे पैसे वाचले तरी कर्मचाऱ्यांना शिकवावे लागते, जुनी कागदपत्रे नव्या स्वरूपात आणावी लागतात, देखभालीला जाणता माणूस ठेवावा लागतो. हा खर्च लपवणारा माणूस संस्थेच्या संचालकांना फसवतो, आणि पहिल्याच वर्षी त्यांचा भ्रमनिरास होतो.

जर्मनीतील म्युनिक शहराचे उदाहरण या संदर्भात दोन्ही बाजूंनी दिले जाते. त्या महापालिकेने २००३ मध्ये मायक्रोसॉफ्ट सोडून लिनक्सकडे जाण्याचा निर्णय घेतला. कंपनीचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी स्वतः महापौरांची भेट घेतली, तरी निर्णय बदलला नाही. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक नव्या व्यवस्थेत आले. एक कोटीहून अधिक युरो वाचल्याचा हिशेब महापालिकेने मांडला. पुढे सत्तेची गणिते बदलली, २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टचे जर्मनीतील मुख्यालय त्याच शहरात आले, आणि २०१७ मध्ये सभागृहाने माघारी फिरण्याचा ठराव केला. विरोधक म्हणतात, ‘पाहा, प्रयोग फसला!’ दहा वर्षे एका महानगराचा कारभार चालवणारी व्यवस्था तंत्राच्या दृष्टीने फसली असे म्हणणे हास्यास्पद आहे. तिच्यामागची राजकीय इच्छाशक्ती फसली. धडा हा की, केवळ पैसे वाचतात म्हणून घेतलेला निर्णय दुसऱ्याने सवलत देऊ केली की डळमळतो. त्याच जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३० हजार सरकारी संगणक मुक्तस्रोतावर नेण्याचे ठरवले तेव्हा कारण दिले ते स्वायत्ततेचे. वीस वर्षांत युरोप एवढे शिकला.

आपल्या देशात केरळने हा धडा आधीच गिरवला होता. तेथील सरकारी व अनुदानित शाळांतील संगणकशिक्षण मुक्तस्रोतावर चालते. २०१९ मध्ये दोन लाख संगणकांवर नवी मुक्त प्रणाली बसवून तीन हजार कोटी रुपये वाचवले, असे ते काम करणाऱ्या ‘काइट’ या सरकारी कंपनीने सांगितले. हा आकडा विकत घ्याव्या लागल्या असत्या अशा परवान्यांचा आहे, रोख हाती पडलेल्या रकमेचा नव्हे. म्हणून मी त्यावर फार भिस्त ठेवत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळेच. हजारो शिक्षक तेथे ही प्रणाली शिकले, त्यांनी तिच्यात मल्याळम आणली, आणि खर्च झाला तो त्यांच्या प्रशिक्षणावर व स्थानिक तंत्रज्ञांवर झाला. खंड आणि मजुरी यांतला फरक हाच. खंडाचा रुपया बाहेर जातो आणि दर वर्षी पुन्हा जातो; मजुरीचा रुपया गावात राहतो आणि मागे कौशल्य ठेवतो. संस्थेच्या ताळेबंदात दोन्ही ‘खर्च’ या एकाच सदरात पडतात, म्हणून संचालकांना ते सारखे भासतात.

भांडवलदारांना मात्र हे केव्हाच उमगले. ज्या आयबीएमची कथा वर सांगितली, तिने २०१९ मध्ये रेड हॅट ही कंपनी ३,४०० कोटी डॉलरना विकत घेतली. रेड हॅट काय विकत होती? जिचा मूळ लेख सर्वांना उघडा आहे त्या लिनक्सची देखभाल आणि सेवा! जो माल ‘फुकट’ म्हणून आपले संचालक नाक मुरडतात, त्याच्या सेवेसाठी जगातील एक बलाढ्य कंपनी एवढी रक्कम मोजते. मग हा व्यवहार कोणाला कळत नाही, आयबीएमला की आपल्याला?

स्वदेशी जमीनदार

अलीकडे आणखी एक युक्तिवाद ऐकू येतो: परदेशी कंपनी नको, स्वदेशी कंपनी घ्या. याविषयी अनुभव सांगतो. मी काही वर्षे एका तालुक्याच्या गावच्या पतसंस्थेचा सल्लागार होतो. तिचे सगळे हिशेब एका स्वदेशी, किंबहुना मराठी, व्यावसायिकाने पुरवलेल्या आज्ञावलीवर चालत. माणूस सज्जन होता. पुढे त्याने व्यवसाय दुसऱ्याला विकला, आणि नव्या मालकाने वार्षिक देखभालीचा आकार एकदम तिप्पट केला. संचालक मंडळाने हरकत घेतली तेव्हा शांतपणे उत्तर आले, ‘दुसरीकडे जा.’ जाणार कसे? अकरा वर्षांची सभासदांची खाती त्याच्याच स्वरूपात कोंडलेली होती आणि ती बाहेर काढण्याचे कलम करारात नव्हते. अखेर छापील खतावण्या समोर ठेवून तीन मुलींनी चार महिने आकडे पुन्हा भरले. त्या काळात एका वृद्ध सभासदाची मुदतठेव आठवडाभर सापडेना. संस्थेच्या पायरीवर पावती हातात धरून बसलेला तो माणूस मला अजून दिसतो. त्याला स्वदेशी-परदेशीचे काय सांगणार होतो? सावकार गावचा असला म्हणून व्याज कमी होत नाही.

उसाच्या काट्याचे उदाहरण आपल्या शेतकऱ्याला चटकन कळेल. कारखान्याच्या वजनकाट्यावर संशय आला तर तो तपासण्याची मागणी शेतकरी करू शकतो; वैधमापन खात्याचा निरीक्षक येतो, शिक्का पाहतो. परंतु सभासदाचे व्याज, भाव, वजावट मोजणारी आज्ञावली हाही एक काटाच आहे. तो उघडून पाहण्याचा अधिकार ना सभासदाला, ना संचालकाला, ना लेखापरीक्षकाला. ज्या काट्याचे पोट उघडता येत नाही त्यावर सहकाराने विश्वास का ठेवावा?

‘जबाबदार कोण?’

व्यवहारी म्हणवणारे मित्र विचारतात, ‘कंपनीचा माल घेतला तर चूक झाल्यावर धरता येते, मुक्तस्रोतात कोणाला धरणार?’ त्यांना माझी विनंती आहे की, आपल्या परवान्याचा मजकूर एकदा वाचावा. नुकसानीची जबाबदारी नाकारणारी किंवा ती भरलेल्या शुल्कापुरती मर्यादित करणारी कलमे त्यात सर्रास असतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या बंदिस्त सुरक्षा-उत्पादनातील एका सदोष सुधारणेने जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. विमाने अडकली, रुग्णालये खोळंबली. अडकलेल्या प्रवाशाने कोणाला धरले? उलट, मूळ लेख हाती असला की एका तंत्रज्ञाने काम सोडले तर दुसरा नेमता येतो. खरी हमी या पर्यायात आहे.

अर्थात मुक्तस्रोत म्हणजे निर्दोष असेही नव्हे. २०२१ च्या डिसेंबरात ‘लॉगफोरजे’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या घटकात गंभीर भगदाड आढळले. २०२४ च्या मार्चमध्ये ‘एक्सझेड’ या छोट्या आज्ञावलीत कोणी जाणूनबुजून चोरवाट घातल्याचे उघड झाले. ती सांभाळणारा स्वयंसेवक एकाकी आणि थकलेला होता, हेच त्या कारस्थानाचे भांडवल. मूळ लेख उघडा होता म्हणून एका जागरूक अभियंत्याला चोरी सापडली, हे खरे. पण तो स्वयंसेवक एकाकी का होता, याचे उत्तर आपणही दिले पाहिजे. हार्वर्डमधील संशोधकांनी २०२४ मध्ये अंदाज मांडला की, जगात वापरले जाणारे मुक्तस्रोत घटक एकदा नव्याने लिहायला सुमारे ४१५ कोटी डॉलर लागतील. मात्र ते नसते आणि प्रत्येक कंपनीला ते स्वतः लिहावे लागले असते तर खर्च ८.८ लाख कोटी डॉलरवर गेला असता. एवढे पाणी भांडवलशाही या सामाईक विहिरीतून उपसते. गाळ काढायला मात्र कोणी येत नाही. आपण विहिरीवर जाणार असू तर घागरीबरोबर फावडेही नेले पाहिजे.

काय करावे

म्हणून मी पुढील मागण्या कार्यकर्त्यांसमोर ठेवतो.

पहिली: आपले कार्यकर्ते ज्या ज्या पतसंस्थांत, शाळांत, संघटनांत आहेत तेथील वार्षिक सभेत तीन प्रश्न विचारावेत. आपली माहिती कोणत्या स्वरूपात आहे? ती आपल्याला हवी तेव्हा बाहेर काढता येते काय? आज्ञावलीचा मूळ लेख कोणाकडे आहे? उत्तर देता आले नाही तर तेच उत्तर समजावे.

दुसरी: नव्या करारात माहिती उघड्या स्वरूपात परत देण्याचे कलम असल्याशिवाय सही करू नये. आज्ञावली दुसऱ्याच्या सर्व्हरवर चालणार असेल तर हे कलम दुपटीने आवश्यक. मुक्त आज्ञावलीसुद्धा दुसऱ्याच्या कोठारात ठेवली की माहितीला कुलूप लागते.

तिसरी: वाचलेल्या परवानाशुल्काचा ठरावीक हिस्सा तालुक्यातील तंत्रज्ञाच्या वेतनासाठी आणि मूळ प्रकल्पांच्या मदतीसाठी राखावा. दहा संस्थांनी मिळून एक तंत्रज्ञ नेमणे अशक्य नाही. यालाच आपण सहकार म्हणत आलो.

चौथी: सरकारकडे. केंद्राने २०१५ मध्ये मुक्तस्रोताला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. २०२२ मध्ये ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणासाठी २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली, आणि तिच्यात देशभरासाठी एकच समान आज्ञावली आहे. जनतेच्या पैशाने लिहिलेल्या आज्ञावलीचा मूळ लेख जनतेपुढे उघडा असला पाहिजे, ही मागणी आपल्या आमदारांनी सभागृहात आणि कार्यकर्त्यांनी जिल्ह्याच्या सहकार कार्यालयावर लावून धरावी.

यावर कोणी म्हणेल की, महागाई, बेकारी, शेतीमालाचा भाव असे ज्वलंत प्रश्न सोडून हे काय काढले? भाव, वेतन, व्याज, रेशन यांचा हिशेब आता याच यंत्रात होतो. त्या हिशेबावर ज्याची मालकी, तो उद्या आपल्या प्रत्येक लढ्याच्या दाराशी उभा असेल. कसणाऱ्याची जमीन ही घोषणा आपल्या पिढीने दिली. जी संस्था आपल्या घामाने चालते तिची वही तिच्याच मालकीची असावी, एवढी तरी घोषणा पुढच्या पिढीने द्यावी. पायरीवर बसलेल्या त्या वृद्ध सभासदाचे आपण तेवढे देणे लागतो.